मदत हवी आहे : पोरांसाठी शेतीशिक्षणाचा वर्षभराचा कार्यक्रम (औसा तालुका)

नमस्कार मंडळी,

मी औसा तालुक्यातला, जिल्हा लातूर. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे, संस्था वगैरे नोंदवलेली नाही. किल्लारीच्या आसपासच्या चार गावांत १५ ते २२ वयाच्या पोरापोरींसाठी वर्षभराचं काहीतरी आखायचं चाललंय. थोडी शेती, थोडा हिशेब, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय. जागेची अडचण नाही. गावं १९९३च्या भूकंपानंतर नव्याने वसलेली, समाजमंदिरं आहेत (कुलूपही आहे, पण किल्ली मिळते).

मागे एका संस्थेने ऐन मे महिन्यात दुपारी 'युवा शेतकरी प्रशिक्षण' ठेवलं होतं. माइक, सतरंजी, पाहुण्यांना फेटे. समोर बसले कोण? साठी उलटलेले आजोबा आणि चिल्लीपिल्ली. ज्यांच्यासाठी मांडव घातला ती पोरं लातुरात क्लासला, नाहीतर भरतीच्या नादात. तीच पोरं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. माझ्या मते गावातली तरुणांची सगळ्यात मोठी सभा तीच, फक्त ती कोणी भरवलेली नाही.

अमेरिकेत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवर हे काम कृषी विस्तारसेवेकडे असतं. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ती सेवा उभी राहिली आणि तिच्यातूनच फोर-एच नावाचे मुलांचे क्लब चालतात. मूल एखादं कोकरू किंवा भाजीचा वाफा स्वतः सांभाळतं, खर्चाची वही ठेवतं आणि काउंटीच्या जत्रेत मांडतं. कल्पना आवडली, पण आमच्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर आणि पोरगं विशीचं झालं तरी "तुला काय कळतंय" इथेच विषय संपतो. म्हणून मालकी लागणार नाही अशी कामं शोधतोय.

एक, पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने मोड मोजायचे. ७०च्या वर आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. हा आकडा पोराने मोजून सांगितला की बापालाही ऐकावं लागतं.

दुसरं, पावसाची वही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरतात. पण यंत्र मंडळाच्या गावी, आणि पाऊस शिवारागणिक वेगळा. इकडे ओढा भरून वाहतो, तिकडे किरकोळ नोंद, मग चावडीवर वाद. आमच्या वहीला सरकारदरबारी किंमत नाही हे माहीत आहे. तरी ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं जे सांगतात, ते घरच्या घरी मोजता आलं तर घाई तरी टळेल.

आता प्रश्न. वर्षाची सुरुवात कधी करावी? जत्रेसारखं मांडायचं तर दिवस कोणता? २६ जानेवारी डोक्यात आहे. आणि मुली कशा येतील? हा सगळ्यात अवघड.

काळंरान :
भाऊ, जून-जुलैत सभा नकोच. पेरणी आणि कोळपणीत माणूस सापडत नाही. १८ मेला परभणीला कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो, त्या दिवशी खरीप मेळावा भरतो. भरतीवाल्या पोरांना जीप करून न्या, तीच सुरुवात समजा. आणि २६ जानेवारी कशाला? झेंडा झाला की सगळे घरी. येळवसला (वेळ अमावस्या, घरचे सगळे रानात जेवायला जातात तो सण) मांडा की! पुण्या-मुंबईची पोरंसुद्धा त्या दिवशी रानात असतात. भज्जी-आंबिलीचं जेवण झालं की कोपीजवळच (रानात उभारलेली कडब्याची खोप) वह्या उघडा.

रानजाई :
मुलींबद्दल सांगते. समाजमंदिरात संध्याकाळी बोलावलंत तर एकही येणार नाही. धारा, पाणी, भाकरी हीच ती वेळ. बचतगटाच्या बैठकीला जोडून घ्या, आईबरोबर मुलगी आपोआप येते. पावसाची वही तर मुलींकडेच द्या. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तेव्हा त्या घरीच असतात. वहीवर नाव मात्र मुलीचंच घाला, वडलांचं नको.

धागाकर्ता :
ताई, नावाचं पटलं, तसंच करतो. येळवस तर डोक्यातच आली नव्हती, आता आजोबांनाही रानातच गाठता येईल. एक शंका, पर्जन्यमापक विकत न घेता पाच लिटरचा तेलाचा कॅन वरून कापून चालेल का?

काळंरान :
कॅन नको. त्याला कडेने खाचा असतात, तळही सपाट नसतो, मिलिमीटर चुकतो. तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचा डबा घ्या आणि आत पट्टी उभी धरून मोजा. अंगणात उघड्यावर, पत्र्याच्या पागोळ्यांपासून लांब. आणि खाली दगड लावून घट्ट बसवा, कोंबड्या पाडतात.