कोरलई किल्ला: वयस्कर आई-वडिलांना नेता येईल का?

प्रश्न: डिसेंबरात आई-वडिलांसह रेवदंड्याजवळचा कोरलई किल्ला पाहण्याचा विचार आहे. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना चढ झेपेल का?

उत्तर १: दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या असल्याने सावकाश चढल्यास झेपावे. मात्र वर सावली फारशी नाही, त्यामुळे सकाळी लवकर निघावे आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवावे.

उत्तर २: पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकलेला हा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, म्हणून तिथले पोर्तुगीज शिलालेख आणि पडके चर्च घाईने पाहू नये. उतरल्यावर कोरलई गावातही थांबावे, कारण तिथले ख्रिस्ती ग्रामस्थ आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. मला तटबंदीपेक्षा तिचेच अप्रूप अधिक वाटले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गावासाठी दुपार राखून ठेवतो.