‘पस्तीस के’ म्हणजे किती? पैशांच्या बोलीचे तुमचे अनुभव लिहा

मुलीला पुण्यात नोकरी लागली. फोनवर म्हणाली, “पप्पा, हातात पस्तीस के येतील.” शेजारी माझे वडील बसले होते. निफाडला जन्मभर कांदा पिकवलेला माणूस. “के म्हणजे काय रे?”

“दादा, किलोतला क. किलो म्हणजे हजार. पस्तीस हजार.”

ते क्षणभर थांबले. “म्हणजे पस्तीस किलो रुपये. मग क्विंटल भरला की लाख.”

अगदी बरोबर! क्विंटल म्हणजे १०० किलो, १,००,००० ग्रॅम. मापांच्या त्या उपसर्गांत किलोनंतर एकदम मेगा, म्हणजे दहा लाख. आपला लाख मधे कुठे नाहीच. बाजार समितीत मात्र तो रोज तोलला जातो. मला फार आनंद झाला. तुमच्या घरी, कामावर असं काही घडलं असेल तर जरूर लिहा.

सातपूर
मी एमआयडीसीत बोल्टच्या निर्यातीचं बघतो. अमेरिकेच्या ग्राहकाने दर ‘पर एम’ असा मागितला. एम म्हणजे मिलियन धरून हिशेब केला तर एका नगाला काहीच उरेना. रात्रभर झोप नाही. सकाळी साहेबांनी सांगितलं, हा रोमन आकड्यातला एम, म्हणजे हजार. तेव्हापासून कोटेशनवर आकडा अक्षरीही लिहितो.

पिंपळगाव बसवंत
दलालाने प्लॉटचे ‘बारा पेटी’ सांगितले. आईला वाटलं, द्राक्षांच्या पेट्या मागतोय! पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे मी समजावलं. तिने सहीआधी ‘बारा लाख रुपये फक्त’ असं लिहून घेतलं. पुढे हप्त्यांवरून वाद झाला तेव्हा तीच ओळ कामी आली.

नाशिकरोड
१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी तिसरीत होतो. चार आण्यांचे २५ नवे पैसे, पण सुट्या एका आण्याचे ६च. चार वेळा आणा मोडला की २४ हाती यायचे. तो बुडालेला एक पैसा मनाला फार लागायचा. पैसा हा रुपयाचा शंभरावा भाग, सेंटीमीटरमधला सेंटी तोच. तरी आम्ही पुढे कितीतरी वर्षं चार आणे, बारा आणेच म्हणत राहिलो.

निफाड (धागाकर्ता)
सगळ्यांचे अनुभव दादांना वाचून दाखवले. सातपूरच्या मिलियनवर त्यांनी थांबवलं. “दहा लाख ना? दहा क्विंटल. एक टन रुपये झाले की.”