जुने ब्रिटिश क्राईम पिक्चर आज बघायचे तर कसे बघायचे?

भुसावळ_जंक्शन:
मंडळी, हल्ली रात्री जेवणं झाली की मी आणि माझे सासरे यूट्यूबवर १९५०-६० च्या काळातले ब्लॅक अँड व्हाईट ब्रिटिश क्राईम पिक्चर लावतो, तासाभराचे असतात, बजेट अगदीच कमी, अर्धा पिक्चर एका खोलीत बसून बोलण्यातच जातो. इन्स्पेक्टर येतो, हॅट काढतो, रेनकोट खुंटीला लावतो, मग बसतो, मग कुठं पहिला प्रश्न. सासऱ्यांना खूप आवडतं, जागचे हलत नाहीत. मला सुरुवात आवडते, शेवट आवडतो, मधलं जड जातं. हे मुद्दाम हळू ठेवायचे का पैसे नव्हते म्हणून? आणि मधे बघायचं काय?

तापीकाठ:
पैसेच नव्हते भो. १९२७ ला तिकडं कायदा झाला, थिएटरवाल्यांनी काही टक्के ब्रिटिश पिक्चर दाखवलेच पाहिजेत, कारण सगळं मार्केट हॉलिवूडनी खाल्लं होतं, मग स्वस्तात पटापट पिक्चर काढायची लाईनच लागली, ‘कोटा क्विकी’ म्हणायचे त्यांना. नंतर मोठा झालेला डायरेक्टर मायकल पॉवेल त्यातूनच वर आला. तुम्ही बघताय ते नंतरचे, मेन पिक्चरच्या जोडीला लावायचे. क्राईम लेखक एडगर वॉलेसच्या गोष्टींवरची सिरीज तर १९६० पासून लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओत निघाली, चाळीसच्या वर पिक्चर. सेट कमी म्हणून माणसं एकाच खोलीत, आणि प्रत्येक शॉटला लाईट परत लावायचे म्हणजे वेळ जाणार, म्हणून एकच शॉट लांब चालतो, दोघंही फ्रेममध्ये. बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याकडं बघा, खरी ॲक्टिंग तिथं असते.

अमळनेरची_लेक:
ताई/दादा जे असाल ते, एक गोष्ट डोक्यात ठेवून बघा. तेव्हा तिकडं खुनाला फाशी होती, शेवटच्या फाश्या ऑगस्ट १९६४ मध्ये झाल्या. म्हणजे चहाचा कप खाली ठेवून तो साहेब शांतपणे ‘मंगळवारी रात्री कुठं होतात’ विचारतो तेव्हा समोरच्याचा जीव टांगणीला असतो, म्हणून आवाज चढवायची गरजच पडत नाही. आणि १९५७ ला कायदा बदलला, त्यानंतर गोळी घालून मारलं किंवा चोरी करताना मारलं तर फाशी, विष घालून मारलं तर जन्मठेप. त्यामुळे नंतरच्या पिक्चरमध्ये पिस्तूल कुणी खिशात टाकलं याला फार वजन आहे, तो सीन पुढं ढकलू नका प्लीज.

धुळेकर_७८:
मला सगळंच पटत नाही. काही पिक्चर खरंच रटाळ आहेत, ते बंद करावेत. कमी पैशात हळूच पिक्चर निघतो असं कुठंय, आपल्या शेजारी मालेगावला सायकलवर कॅमेरा घेऊन पळते शॉट घेतलेत लोकांनी! पण बाहेरचे सीन मात्र सोडू नका, रस्त्यावर शूटिंग स्वस्त पडायचं म्हणून खरं लंडन दिसतं, बॉम्ब पडून मोकळे झालेले प्लॉट, कोळशानं काळ्या झालेल्या भिंती, पैसे लावून कुणी उभं केलेलं नाही ते.

तापीकाठ:
हे बरोबर. आणि फोन बूथ बघा, त्यात ए आणि बी अशी दोन बटणं असायची. नाणी टाकायची, नंबर फिरवायचा, समोरच्यानं उचलला की ए दाबायचं, तेव्हाच त्याला तुमचा आवाज जायचा, नाही उचलला तर बी दाबून पैसे परत. कोण कुठलं बटण दाबतं यावरून फोन लागला की नाही कळतं, डायलॉग नसला तरी. सबटायटल असतील तर चालू ठेवा, ते लोक ओठातल्या ओठात बोलतात.