‘ओम तेलोलेत ओम’ मधला ओम कोणता?

परवा पुतणीने एक जुना व्हिडिओ पाठवला, इंडोनेशियातली पोरं रस्त्याच्या कडेला पुठ्ठ्याची पाटी धरून उभी आहेत, लांबून लक्झरी बस येते आणि सगळी एका सुरात ओरडतात ‘ओम तेलोलेत ओम!’, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो की पोरं नुसती उड्या मारतात. २०१६च्या डिसेंबरात हे जगभर व्हायरल झालं होतं, परदेशातले मोठमोठे डीजेसुद्धा हेच तीन शब्द लिहीत होते. आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी म्हणालं बघा, तिथेही ॐ आहे. मला ते काही पटेना. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :
नाही हो, हा ओम म्हणजे काका. डच भाषेतला शब्द, तिथलं डचांचं राज्य गेलं पण ओम तिथेच राहिला. आणि तेलोलेत हा त्या हॉर्नचा आवाज, ते-लो-लेत. म्हणजे पोरं म्हणतायत ‘काका, हॉर्न वाजवा ना काका’. आपली पोरं कशी लाडीगोडी लावताना काका पुढेही लावतात आणि मागेही, अगदी तसंच.

आवाजावरून शब्द करायची त्यांना भारी हौस. त्यांच्या सगळ्यात लोकप्रिय संगीताचं नाव ‘दांगदुत’, ते तबल्याच्या ठोक्यावरून पडलंय, एक दांग आणि एक दुत. आपण तुणतुण वाजतं म्हणून तुणतुणं म्हणतो पण ते वाद्याचं नाव, इथे अख्ख्या संगीतालाच ठोक्याचं नाव. त्यात हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा वाटा मोठा आहे, तबला आणि बासरी ऐकली की ओळखू येतं. सुरुवातीला हे नाव हिणवायला वापरायचे. मग सत्तरच्या दशकात रोमा इरामा या गायकाने त्यात रॉकची गिटार आणली आणि लोक त्याला ‘राजा दांगदुत’ म्हणायला लागले. हा राजा शब्द मात्र आपलाच!

आणि व्हायरल प्रकार तिथे यूट्यूबच्या आधीपासून आहे बरं का. पूर्व जावात लग्नाकार्यात नाचगाणं करणारी इनुल दारातिस्ता, तिच्या कार्यक्रमांच्या व्हीसीडी कॉपी होऊन होऊन घराघरात पोचल्या आणि २००३ पर्यंत ती टीव्हीवर, तिच्या नाचावरून देशभर वाद. आता त्याच स्टेजचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात.

प्रतिसाद :
जोडशब्दही बघा. टीव्ही मालिकेला ‘सिनेत्रोन’, म्हणजे सिनेमा आणि इलेक्ट्रॉनिक दोन्हीचे तुकडे जोडलेले. १९८९ला आरसीटीआय हे पहिलं खासगी चॅनेल आलं, पाठोपाठ बाकीची आली, त्या काळात हा शब्द घरोघरी गेला. ऑनलाइनला ‘दारिंग’, ‘दालाम जारिंगान’चं म्हणजे जाळ्याच्या आतचं छोटं रूप. सेल्फीला ‘स्वाफोतो’, त्यातला स्वा आपला स्व. आणि नेटिझनला ‘वार्गानेत’, त्यातला वार्गा संस्कृत वर्गावरून आलाय, तिकडे त्याचा अर्थ नागरिक, सदस्य असा होतो. मला वाटतं आपला ‘नेटकरी’ याच जातीचा, शेतकरी वारकरीच्या पंगतीत सहज बसला म्हणून टिकला, समितीने बसून केलेले लांबलचक शब्द कुणी बोलत नाही.

प्रतिसाद :
माझा सगळ्यात आवडता शब्द राहिलाच. डाउनलोडला ते ‘उन्दुह’ म्हणतात, मूळ जावानीज, झाडावरचं फळ तोडून घेणं. अपलोडला ‘उंगाह’, वर चढणं. आमच्या कोकणात मे महिन्यात गडी झेला, म्हणजे टोकाला जाळी असलेली काठी, घेऊन झाडावर चढतो, आंबे अलगद काढून टोपलीत सोडतो, त्याला आम्ही ‘आंबे उतरवणं’ म्हणतो. माझी आई आजही म्हणते ‘तो भजनाचा व्हिडिओ मला उतरवून दे’. तिला जावा कुठे आहे ते माहीत नाही आणि डाउनलोड हा शब्दही ती कधी बोलत नाही. तेव्हा डाउनलोडला प्रतिशब्द शोधणाऱ्यांनो, उतरवणेच लिहा ना, मी तर कधीपासून लिहितेय.

मूळ प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. ग्रुपवर ‘ओम म्हणजे काका’ टाकलंय, आणि पुतणी आता मलाच ओम म्हणते.