आरोग्य उपकेंद्राला ठाण्यासारखी भिंत हवी का?

एटापल्लीकर
गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात उपकेंद्राची नवी इमारत होणार आहे. नक्षल्यांच्या भीतीनं ग्रामसभेत मागणी आली: आठ फूट भिंत, वर काटेरी तार, खिडक्यांना जाळ्या, एकच फाटक, आणि जागा पोलीस मदत केंद्राला लागून. माझा याला विरोध आहे. मी बांधकामातला माणूस आहे म्हणून सांगतो, हल्ल्यापासून वाचवण्यात भिंतीच्या जाडीपेक्षा अंतराचं काम मोठं असतं. स्फोटापासूनचं अंतर दुप्पट केलं की दाब निम्म्याहूनही बराच खाली येतो.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला १९ एप्रिल १९९५ रोजी सरकारी इमारतीच्या अगदी समोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उभा केला होता. १६८ माणसं गेली, त्यात १९ लेकरं. त्याच इमारतीत पाळणाघर होतं. ज्या इमारतीवर कुणाचा डोळा असू शकतो, तिला बाळंतिणीची खोली चिकटवायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिपायाचा मुलगा
भाऊ, तुम्ही कागदावर बोलता. माझे बाबा ज्या ठाण्यात होते तिथं रात्री गोळीबार झाला. रेतीची पोती आणि मातीचा बांध होता म्हणून ते घरी आले. २०२३ मध्ये वांगेतुरीला आणि २०२४ मध्ये गर्देवाड्याला एका दिवसात मदत केंद्र उभं केलं. पहिल्या रात्रीपासून आडोसा लागतो म्हणूनच ना? नर्सताईंनी मुक्कामी राहावं असं वाटत असेल तर त्यांनाही तोच आडोसा द्या. ठाण्याशेजारी त्या निर्धास्त झोपतील.

वऱ्हाडी माणूस
आमच्या गावात अजून गढी हाय. पेंढाऱ्यांच्या भीतीनं अशा गढ्या बांधल्या होत्या. भिंती मातीच्या, पण माणूस आडवा झोपंल एवढ्या रुंद. माती गोळी गिळते. चार इंची विटेची भिंत दिसाले पक्की, पण बंदुकीच्या गोळीपुढं तिचा भरवसा नाही. आणखी एक, आमच्या गढीत विहीर होती. लोकं आत चार दिवस काढू शकत. तुमच्या आठ फुटी भिंतीच्या आत पाणी हाय का? आता गढीची पांढरी माती लोकं घराच्या धाब्यावर टाकाले नेतात, बुरूज अर्धा राहिला. वाईट वाटते.

एटापल्लीकर
मातीचं तुमचं म्हणणं पटलं. पण दादा, १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात नक्षल्यांच्या भूसुरुंगात १५ जवान आणि एक चालक गेले, ते इमारतीत नव्हते, रस्त्यावर गाडीत होते. सगळा पैसा भिंतीत घालायचा का? आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा बडा नेता भूपती ६० जणांसह गडचिरोलीत शरण आला. परिस्थिती बदलते आहे.

शिपायाचा मुलगा
बदलते आहे, मान्य. इमारत पन्नास वर्षं उभी राहते. पुढच्या पन्नास वर्षांची हमी तुम्ही देता का?

एक नर्स
मी अशाच उपकेंद्रात नऊ वर्षं काढली, म्हणून दोघांनाही बोलते. रात्री दोन वाजता बैलगाडीतून बाई येते, पोट दुखतंय, आणि फाटकाची किल्ली शिपायाकडं. जाळ्या घट्ट बसवलेल्या. एकदा स्टोव्ह भडकला तेव्हा बाहेर पडायला एकच दार होतं, त्याच्याच पुढं आग. ती वेळ मी विसरणार नाही. मला भीती नक्षल्यांपेक्षा दारू पिऊन दार ठोकणाऱ्यांची होती. मला हवं होतं ते असं: आतून कडी लागणारं जाड लाकडी दार, मागं दुसरं दार, अंगणात रात्रभर दिवा, आणि खिडक्यांना आतून उघडणाऱ्या जाळ्या. खिडकीची काच फुटली तर तुकडे अंगावर येतात, म्हणून खाट खिडकीखाली नको.

पण एटापल्लीकर भाऊ, ठाण्यापासून लांब म्हणजे किती लांब? मी हाक मारली तर कुणाला ऐकू यायला पाहिजे.

एटापल्लीकर
ताई, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. गावाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना घरं, असं धरू. भिंतीऐवजी कमरेएवढा मातीचा बांध, मागं दुसरं दार. सोमवारी ग्रामसभेत मांडतो.

शिपायाचा मुलगा
बांध छातीएवढा करा. कमरेएवढ्या बांधाआड माणूस बसूनच राहतो, उठला की उघडा पडतो.