होस्टिंगची जागा नेमकं काय खातंय? इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण कुठली ना कुठली छोटी वेबसाइट सांभाळतात. कोणाची नमकीनची, कोणाची क्लासची, कोणी मंडळाचं काम म्हणून बघतं. होस्टिंगवाल्यांकडून, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवतो त्यांच्याकडून, 'डिस्क ९० टक्के भरली' असा मेल कधीतरी येतोच, आणि पहिला सल्ला मिळतो तो मोठा प्लॅन घ्या हाच. मंडळाच्या साइटचा खर्च वर्गणीतून होतो, म्हणून हा सल्ला मला फार टोचतो. जागा कशाने भरली हे मोजल्याशिवाय एक रुपया वाढवू नये आणि एक फाईलही उडवू नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय सापडलं, कुठे सापडलं आणि कसं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. आमच्या साइटवर गणेशोत्सवाचे भरपूर फोटो आहेत, त्यामुळे सगळ्यांचा संशय फोटोंवर. जुन्या वर्षांचे अल्बम काढून टाकायचं कार्यकारिणीत जवळपास ठरलंही होतं. मी सीपॅनलमधलं, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमधलं, 'डिस्क यूसेज' उघडलं. तिथे प्रत्येक फोल्डरपुढे आकडा दिसतो आणि आकारानुसार क्रम लावता येतो. साइट ज्यात असते तो 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डर बराच खाली होता. सगळ्यात वर होता 'मेल'! आमच्या डोमेनवर कोणत्याही नावाने, अगदी अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर आलेली पत्रंसुद्धा एका मुख्य खात्यात जमा होत होती. ते खातं कोणी उघडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचा स्पॅम तिथे साचला होता. 'डिफॉल्ट अ‍ॅड्रेस'मध्ये जाऊन अशी पत्रं दारातूनच परत जातील असं केलं. जुनी पत्रं 'ईमेल डिस्क यूसेज'मधून काढली. तिथे एका वर्षापेक्षा जुनी किंवा ठरावीक आकाराहून मोठी, अशी निवड करता येते. चिटणिसांच्या खात्याला मात्र हात लावला नाही, कारण देणगीच्या पावत्यांचा पत्रव्यवहार त्यात आहे. अल्बम सगळे शाबूत आहेत.

राजेंद्रनगर, वेबसाइटची कामं करतो

दादा, अल्बम वाचले हे उत्तम, पण फोटोही कधीकधी खरंच जागा खातात. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) एक मोठा फोटो चढवला की त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती बनतात. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची आणखी एक लहान केलेली प्रत बनते, आणि मूळ फोटो तसाच राहतो. म्हणजे रंगपंचमीच्या गेरचा कॅमेऱ्यातला एक फोटो, आणि सर्व्हरवर आठ फाईली. थीम (साइटचा साचा) आणि दुकानाचं प्लगइन (वरून जोडलेलं सॉफ्टवेअर) आपापल्या मापाच्या प्रती काढतात त्या वेगळ्याच. फोटो लहान करणारी काही प्लगइन मूळ फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवतात, तोही फोल्डर बघा.

या प्रती फोल्डरमध्ये जाऊन हाताने उडवू नका. मोबाइलवर कोणती आणि संगणकावर कोणती प्रत दाखवायची हे पानातच लिहिलेलं असतं, त्यामुळे फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसायला लागते. चढवण्याआधीच फोटो २००० पिक्सेलच्या आत आणणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय.

छत्रीबाग

आमच्याकडे बॅकअप. साइटच्या फोल्डरमध्ये काहीच सापडेना. एका क्लिकवर वर्डप्रेस बसवून देणारं जे साधन पॅनलमध्ये असतं, त्याचा बॅकअपचा फोल्डर साइटच्या बाहेर, मुख्य फोल्डरमध्ये होता. प्रत्येक अपडेटआधी ते साधन तिथे एक नवी प्रत काढत होतं. आता शेवटच्या दोनच प्रती ठेवतो आणि एक गूगल ड्राइव्हवर पाठवतो. सर्व्हर बिघडला तर त्याच सर्व्हरवरचा बॅकअपही जाणारच ना!

विजयनगर, सर्व्हर सांभाळते

माझा अनुभव थोडा वेगळा, कारण आमच्याकडे अनेकांत वाटलेलं शेअर्ड होस्टिंग नाही, व्हीपीएस आहे, म्हणजे स्वतःच्या ताब्यातला आभासी सर्व्हर. डिस्क एकूण किती भरली ते दाखवणारी 'डीएफ' कमांड सांगत होती की डिस्क पूर्ण भरली, आणि 'डीयू'ने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर जवळपास निम्मीच भरत होती. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवली, लपलेले फोल्डर धरले, तरी फरक तोच. असं झालं की पहिली शंका ही घ्यायची: पुसलेली पण अजून उघडी असलेली फाईल. लिनक्समध्ये फाईलचं नाव पुसलं तरी एखादा प्रोग्राम ती धरून बसला असेल तर जागा सुटत नाही. 'एलएसओएफ'ने उघड्या फाईलींची यादी काढली, त्यात एका भल्यामोठ्या लॉगपुढे (सर्व्हरच्या नोंदींची फाईल) 'डिलीटेड' असं लिहिलेलं होतं आणि तो धरून बसला होता वेब सर्व्हर. सेवा रीस्टार्ट केली आणि सगळी जागा परत मिळाली.

चालू लॉग पुसण्यापेक्षा 'ट्रंकेट'ने रिकामा करणं बरं, म्हणजे हा घोळच होत नाही. आणि जुने लॉग आपोआप काढणारं 'लॉगरोटेट' नीट लावून ठेवा. सिस्टिमच्या नोंदींचं जर्नल किती जागा घेतंय तेही विचारता येतं. 'जर्नलसीटीएल'मध्ये त्याची सोय आहे, कमाल मर्यादाही घालता येते.

सुदामानगर

एरर लॉग. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या ८ आवृत्तीवर गेल्यावर एक जुनं प्लगइन प्रत्येक भेटीला इशाऱ्याच्या ओळी लिहीत होतं. 'एरर लॉग' फक्त मुख्य फोल्डरमध्ये नसतो बरं का, ॲडमिनच्या फोल्डरमध्येही वेगळा असतो. फाईल उडवली की पुन्हा वाढते. आत वाचून ज्या प्लगइनचं नाव येतं ते बदलावं लागतं. वर्डप्रेसचा 'डीबग लॉग' चालू राहिला असेल तर तो बंद करा. जागेपेक्षा मला चिंता याची की तो बऱ्याचदा बाहेरून कोणालाही वाचता येतो.

एम. टी. क्लॉथ मार्केट, कपड्यांची ऑनलाइन विक्री

आमच्या फाईली थोड्या, डेटाबेस जड. डेटाबेस बघायच्या साधनात, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलांची यादी आकाराप्रमाणे लावली. वरती आलं ठरवून दिलेल्या कामांच्या नोंदींचं टेबल, म्हणजे 'अ‍ॅक्शन शेड्यूलर'चा लॉग. त्याखाली लेखांच्या जुन्या आवृत्त्या आणि मुदत संपलेले 'ट्रान्झिएंट', म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या नोंदी. आधी पूर्ण डेटाबेस घरच्या संगणकावर उतरवून घेतला, मग झालेल्या कामांच्या जुन्या नोंदी काढल्या. तरी जागा तेवढीच दिसत होती! इनोडीबी या टेबलांच्या प्रकारात ओळी पुसल्या तरी टेबलाची फाईल लहान होत नाही, 'ऑप्टिमाइझ टेबल' चालवावं लागतं. त्यात टेबल नव्याने बांधलं जातं आणि तेवढ्या वेळापुरती जास्तीची जागा लागते. म्हणून डिस्क काठोकाठ भरायची वाट बघू नका.

लोकमान्यनगर

जागा भरपूर शिल्लक, पण नवी फाईल चढेना, असं कोणाला झालंय का? आमच्या क्लासच्या साइटला झालं. मर्यादा जागेची नव्हती, फाईलींच्या संख्येची होती, ज्याला आयनोड म्हणतात. सीपॅनलमध्ये हा आकडा 'फाईल यूसेज' म्हणून वेगळा दिसतो. विद्यार्थ्यांच्या लॉगिनची प्रत्येक वेळी एक छोटी सेशन फाईल (लॉगिन लक्षात ठेवणारी) बनत होती आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यामुळे सर्व्हरची नेहमीची साफसफाई तिथवर पोचत नव्हती. फाईलीत चार अक्षरं असली तरी डिस्कवर ती साधारण ४ केबीचा पूर्ण ब्लॉक घेते. क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) लावला, जुन्या सेशन आपोआप जातात.

रामबाग

फाईल मॅनेजरमधून पुसलेलं सगळं 'ट्रॅश' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातं आणि कोट्यात (आपल्याला मिळालेल्या जागेत) मोजलं जातं. सेटिंगमध्ये 'हिडन फाईल्स दाखवा' करा. कमांड चालवणाऱ्यांनो, 'डीयू'ला नुसता तारा (*) दिलात तर टिंबाने सुरू होणारे फोल्डर त्यात येत नाहीत.

स्नेहलतागंज, माहेश्वरी साड्यांचं छोटं दुकान

सगळं वाचलं. मला कमांड येत नाहीत आणि पॅनलमध्ये काही दाबायची भीती वाटते. आमच्यासारख्यांनी काय करावं?

धागा सुरू करणारा

काकू, होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाका, पण 'जागा भरली' एवढंच लिहू नका, नाहीतर उत्तरात प्लॅनच येईल. असं विचारा: सगळ्यात मोठे दहा फोल्डर आणि ५० एमबीवरच्या फाईली यांची यादी द्या, मेल, डेटाबेस आणि लपलेले फोल्डर धरून, आणि फाईलींची एकूण संख्या सांगा. यादी आली की इथे टाका. खात्याचं नाव आणि ईमेलचे पत्ते तेवढे खोडून टाका. तोवर काहीही पुसू नका.