लॉकडाऊनमध्ये तुमच्या गावात कुणाचं चालत होतं? अनुभव लिहा

आजारपणाचे किस्से भरपूर झाले. २०२०-२१ मध्ये गावात, वस्तीत कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं ते लिहा. रेशन, गावबंदी, निवडणूक, काहीही. गावाचं नाव नको असेल तर तालुका पुरे.

संगमेश्वर
आमच्या वाडीची सभा पण मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांच्या सोयीने व्हायची. २०२० च्या गणपतीला उलटं झालं. १२ ऑगस्टच्या आत या, १० दिवस क्वारंटाईन राहा, आणि पुढे ग्रामकृती दल (गावची कोरोना समिती) म्हणेल तसं. ज्यांच्या वर्गणीवर देवळाचं छप्पर झालं ते शाळेच्या वर्गात झोपले आणि डबा बाहेर ठेवून आम्ही लांबूनच हाक मारायचो.

कल्याण
मिस्टरांची रिक्षा बंद, कार्ड केशरी. फुकटचे ५ किलो तांदूळ आम्हाला नाहीत, नंतर गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने मिळाला. नगरसेवकाच्या किटवर त्याचा फोटो तांदळापेक्षा मोठा!

पारनेर
ग्रामपंचायतीची मुदत संपली, निवडणूक पुढं गेली. जुलै २०२० ला जीआर आला की पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं गावातली योग्य व्यक्ती प्रशासक नेमायची, लगेच गावात चार योग्य व्यक्ती तयार, एकजण तर मास्क लावून रोज पुढाऱ्याच्या बंगल्यावर. हायकोर्टानं सरकारी माणूसच नेमा म्हटल्यावर विस्तार अधिकारी आले, त्यांच्याकडं अजून बरीच गावं, एका सहीसाठी त्यांना शोधत फिरायचं. मतदान झालं १५ जानेवारी २०२१ ला, आणि सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघणार होतं, त्यामुळं पॅनलवाल्यांना पैसा कुणावर लावायचा तेच कळेना. हे मात्र मला आवडलं.

आशाताई, हिंगोली
‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ या सरकारच्या कोरोना तपासणीला ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले, लोकं म्हणायचे तुझ्यामुळं आमचं घर सील होईल. त्याच बाया बाळंतपणाला रात्री फोन करायच्या. जून २०२१ ला राज्यभर संप केला तेव्हा गावाला कळलं की आम्हाला पगार नसतो, मानधन असतं.

परळ, मूळ राजापूर
संगमेश्वरवाले, आमची पण बाजू ऐका, हौसेनं नव्हतो आलो, चाळीत एका संडासाला आठ बिऱ्हाडं, त्यात नोकरी गेलेली. भाऊ परत मुंबईला गेलाच नाही, २०२१ ला गावात उभा राहिला आणि निवडून पण आला. मुंबई मंडळ त्याच्यावर अजून नाराज आहे.